पत्ता माइन्झ-कास्टेल, पण नगरपालिका विस्बाडेनची, हे काय गौडबंगाल आहे?

पैलतीर
मंडळी, आठ महिने झाले आम्ही कास्टेलला राहायला येऊन. ऱ्हाइनच्या या काठावर आम्ही, पुलापलीकडे माइन्झ. घराच्या करारावर लिहिलंय माइन्झ-कास्टेल, पिनकोड ५५२५२ म्हणजे माइन्झसारखा ५५ ने सुरू होणारा, फोनचा कोड विस्बाडेनचा नाही, आणि पत्त्याची नोंदणी करायला गेलो तर सांगितलं की तुम्ही विस्बाडेनचे रहिवासी. राज्य पण वेगळं, हेसेन. पूल ओलांडला की र्‍हाइनलँड-फाल्झ. परवा एका कुरिअरवाल्याने पार्सल माइन्झच्या डेपोत नेऊन टाकलं आणि मला दोन वेळा नदी ओलांडायला लावली म्हणून विचारतोय. शेजारच्या आजींना विचारलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "ते फ्रेंचांमुळे झालं". घाईत होत्या, पुढे विचारता आलं नाही. कुणाला माहीत आहे का? आणि दुसरं, बायकोला सातवा महिना आहे, हॉस्पिटल माइन्झचं घेतलंय, तर बाळाचा जन्मदाखला कुठून मिळणार?

रेवा_म
आधी अभिनंदन! दाखल्याचं सोपं आहे, जिथे जन्म तिथली नोंदणी कचेरी. म्हणजे माइन्झ. तुम्ही कुठे राहता याचा संबंध नाही. जन्मानंतर एका आठवड्यात कळवावं लागतं, हॉस्पिटलवालेच बहुतेक वेळा कागद पाठवतात.

अवधूत_कोब्लेन्झ
आजी बरोबर सांगतायत, पण अर्धंच. १९४५ ला जर्मनी चार जणांनी वाटून घेतला तेव्हा तुमच्या भागात ऱ्हाइन नदी ही फ्रेंच आणि अमेरिकन विभागांची हद्द ठरली. डावा काठ फ्रेंचांचा, उजवा अमेरिकनांचा. माइन्झ शहर तोवर दोन्ही काठांवर पसरलेलं होतं, कास्टेल आणि आम्योनेबुर्ग १९०८ ला शहरात आले होते, कोस्टहाइम १९१३ ला. आता एका नगरपालिकेवर दोन सैन्यांचा अंमल कसा चालणार? म्हणून ऑगस्ट १९४५ मध्ये ही तिन्ही उपनगरं विस्बाडेनकडे दिली. लोकांना वाटलं तात्पुरतं आहे. सैन्यं गेली, हद्द पुसली गेली, तोवर पलीकडे हेसेन आणि इकडे र्‍हाइनलँड-फाल्झ अशी दोन राज्यं उभी राहिली होती आणि ती रेघ तशीच राज्याची सीमा होऊन बसली. नावातलं 'माइन्झ' मात्र लोकांनी सोडलं नाही.

आणखी वरती बिशोफ्सहाइम आणि गिन्सहाइम-गुस्टाव्सबुर्ग हे १९३० ला माइन्झमध्ये घेतलेले भागही तेव्हाच सुटले, ती गावं स्वतंत्र झाली. माइन्झची जवळजवळ निम्मी जमीन गेली तेव्हा.

खारेदाणे
म्हणजे सैन्याने नकाशावर रेघ मारली आणि ऐंशी वर्षांनी पैलतीरचं पार्सल चुकलं 😄

मंदार_क
शाळेच्या सुट्ट्या पण बघून ठेवा हां. दोन राज्यं म्हणजे दोन वेळापत्रकं. आमच्या ओळखीत एक जोडपं आहे, ती शिक्षिका पुलाच्या त्या बाजूला, मुलं या बाजूच्या शाळेत. दरवर्षी भारतात जायची तिकिटं काढताना घरात रडारड.

जुनाजाणता
छान धागा. मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक, मुलगी स्टुटगार्टला असते म्हणून दर उन्हाळ्यात तिकडे येणं होतं. अवधूतरावांनी १९४५ सांगितलं, पण माइन्झवर फ्रेंच अंमल ही काही एकदाच घडलेली गोष्ट नाही. ऑक्टोबर १७९२ ला क्युस्तीन नावाचा सेनापती आला आणि मार्च १७९३ मध्ये तिथे चक्क प्रजासत्ताक जाहीर झालं, ते जुलैत प्रशिया या जर्मन राज्याच्या सैन्याने मोडलं. मग १७९७ च्या अखेरीपासून १८१४ पर्यंत. मग पहिल्या महायुद्धानंतर थेट ३० जून १९३० पर्यंत. आणि मग १९४५. चार वेळा एकाच परकी सत्तेने एकाच शहराची घडी विस्कटली आणि पुन्हा घातली. कास्टेल तर १८०६ ला नासाऊ नावाच्या जर्मन संस्थानाकडून फ्रान्सने मागून घेतलं होतं, म्हणजे त्या वेळी फ्रेंचांनीच दोन्ही काठ जोडले आणि पुढे त्यांच्याच काळात ते तुटले.

पैलतीर
अरे बापरे! मला एका ओळीचं उत्तर हवं होतं, इथे तर खजिनाच निघाला. अजून सांगा. १७९७ ते १८१४ मध्ये नगरपालिकेचं नक्की काय केलं त्यांनी?

सुमेधा_कोलोन
मी सांगते, चौदा वर्षं कोलोनला आहे आणि हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे.

कोलोनचं उदाहरण घ्या. ६ ऑक्टोबर १७९४ ला फ्रेंच सैन्य शहरात शिरलं. तोवर कोलोन हे स्वतंत्र शहर, फक्त सम्राटाला मानणारं. कारभार १३९६ च्या करारावर चालायचा: सगळे नागरिक बावीस 'गाफेल'मध्ये वाटलेले, गाफेल म्हणजे व्यापारी आणि कारागिरांचे संघ, प्रत्येकाने आपापली माणसं निवडून नगरसभेत पाठवायची. छत्तीस जण गाफेलचे आणि ते छत्तीस मिळून आणखी तेरा निवडणार, एकूण एकोणपन्नास. चारशे वर्षं हे चाललं. ऐकायला फार छान वाटतं, पण त्यात प्रॉटेस्टंट माणसाला नागरिकत्व नाही आणि ज्यू माणसाला तर शहरात राहायलाच बंदी, १४२४ पासून.

फ्रेंचांनी सुरुवातीची तीन वर्षं नुसता गोंधळ घातला, आज एक मंडळ, उद्या दुसरं. १७९७ च्या वसंतात सेनापती ओशने जुन्या अधिकाऱ्यांना पुन्हा खुर्चीवर बसवलं होतं, काही महिन्यांतच पुन्हा उठवलं. मग नोव्हेंबर १७९७ ला रुडलर नावाचा कायदेपंडित आयुक्त म्हणून नेमला, तो अल्सेसचा, जर्मन जाणणारा. त्याने डाव्या काठाचे चार जिल्हे पाडले: आखेन, कोब्लेन्झ, ट्रियर आणि माइन्झ ही त्यांची मुख्य ठिकाणं. त्याआधी या पट्ट्यात आर्चबिशपचं राज्य, ड्यूकचं राज्य, मठाची जहागीर, स्वतंत्र शहर असे तुकडेच तुकडे होते, ते सगळे एका झटक्यात गेले. कारागिरांचे संघ बंद, सरंजामी वेठ आणि दशमांश बंद, आणि मे १७९८ पासून जन्म-लग्न-मृत्यूची नोंद पाद्रीबुवांऐवजी पालिकेत.

मार्च १७९८ मध्ये योसेफ इसाक नावाचा एक ज्यू माणूस कोलोनला राहायला आला. पावणेचारशे वर्षांनी पहिला. मी ते नाव पहिल्यांदा वाचलं ना, तेव्हा अंगावर काटा आला. परक्या देशात पत्ता नोंदवायला रांगेत उभं राहिलेल्या आपल्यासारख्यांना त्या नोंदीची किंमत वेगळी सांगायला नको.

खारेदाणे
सुमेधाताई 🙏 हे वाचून धागा बुकमार्क केला.

अवधूत_कोब्लेन्झ
पुढचं मी जोडतो. फेब्रुवारी १८०० च्या कायद्याने खरी चौकट आली. जिल्ह्यावर प्रीफेक्ट, त्याखाली सब-प्रीफेक्ट, गावात 'मेअर'. प्रीफेक्ट म्हणजे आपला कलेक्टर समजा आणि सब-प्रीफेक्ट म्हणजे प्रांत, लगेच डोक्यात बसेल. अडीच हजारांपर्यंत वस्ती असेल तर एक मेअर, एक मदतनीस आणि दहा जणांचं मंडळ. पाच हजारांपर्यंत दोन मदतनीस आणि वीस जण. त्याहून मोठ्या गावात तीस जण आणि वर पोलिस कमिशनर. मंडळ वर्षातून एकदा पंधरा दिवस बसायचं, जमाखर्च बघायचं, बस्स. पाच हजारांवरच्या शहराचा मेअर पॅरिसहून स्वतः नेपोलियन नेमणार, लहान गावांचा प्रीफेक्ट नेमणार.

कोलोनकरांचं खरं दुखणं वेगळंच. त्यांचं शहर मोठं, पण जिल्ह्याचं ठिकाण झालं आखेन. कोलोनला नुसतं सब-प्रीफेक्टचं ठाणं.

सुमेधा_कोलोन
हो ना! ते दुःख अजून आहे हो इथे 😀

जुनाजाणता
सुमेधाताई, तुमच्या लिहिण्यातली कळकळ पोचली, पण माझं एका ठिकाणी पटत नाही आणि ते स्पष्ट लिहितो. तुम्ही योसेफ इसाकची नोंद सांगितलीत, ती मोठीच आहे. पण त्याच कायद्याने कोलोनच्या माणसाचा आपली सभा निवडण्याचा चारशे वर्षांचा हक्क गेला, हेही तितकंच मोठं आहे. अवधूतरावांनीच लिहिलंय, मेअर नेमलेला, मंडळ नेमलेलं. गावाने पूल दुरुस्त करायचा म्हटला तरी कागद प्रीफेक्टकडे. याला सुधारणा म्हणायचं का शिस्तबद्ध ताबा? शिवाय १७९४ पासूनच्या खंडण्या, सक्तीने माथी मारलेल्या कागदी नोटा ज्या हातात येईतो निम्म्या किमतीच्या होत, कॅथेड्रलमध्ये साठवलेला चारा, घराघरात उतरवलेले सैनिक, आणि पुढे पोरांची सैन्यात भरती. ज्यांची पोरं परत आली नाहीत त्या आयांना नव्या कचेरीचं काय कौतुक असेल.

सुमेधा_कोलोन
सर, आयांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मान्य, शंभर टक्के. आणि ज्यूंच्या बाबतीतही सगळं सरळ झालं नाही हे मी लिहायला हवं होतं. मार्च १८०८ च्या फर्मानाने नेपोलियननेच त्यांच्या व्यापारावर पुन्हा बंधनं घातली, परवान्याशिवाय धंदा नाही, आणि प्रशियाने ती पुढे कित्येक वर्षं तशीच ठेवली.

पण निवडून आलेल्या सभेचं म्हणाल तर १७९४ पर्यंत ती नावाला उरली होती. ठराविक घराणी आलटून पालटून बसायची. १६८० च्या दशकात निकोलाउस ग्यूलिश नावाच्या व्यापाऱ्याने ह्याच भ्रष्टाचाराविरुद्ध बंड केलं, तर १६८६ ला त्याचं डोकं उडवलं आणि घर पाडून टाकलं. अशी सभा गेल्याचं मला फारसं दुःख होत नाही. पण तिच्याजागी लोकांनी निवडलेली नवी सभा आली नाही, हे दुःख तुमच्यासारखंच मलाही आहे.

जुनाजाणता
ग्यूलिशचं मला माहीत नव्हतं. धन्यवाद. मग आपलं भांडण अर्ध्यावर आलं 🙂

मंदार_क
मी इंजिनिअर माणूस, मला एक विचारायचंय. ते ४७११ नावाचं कोलोन वॉटर आहे ना, निळं-सोनेरी लेबल, आमच्या आजीच्या कपाटात एक बाटली होती, ती कुणी दुबईहून आणलेली, रुमालावर एक थेंब टाकून लग्नाला जायची. तो आकडा म्हणजे फ्रेंचांनी दिलेला घरनंबर असं ऐकलंय. खरं का?

सुमेधा_कोलोन
घरनंबर हे खरं. फ्रेंच आले तेव्हा सैनिक कुणाच्या घरी उतरवायचे याचा हिशोब लागेना, कारण घरांना नंबरच नव्हते, 'सोनेरी बैलाच्या घराशेजारी' असले पत्ते. म्हणून सगळ्या शहरातल्या घरांना एकाच मालिकेत सलग नंबर घातले, गल्लीवार नाही. त्यात ग्लॉकेनगासेतल्या त्या घराला ४७११ आला. घोड्यावर बसून भिंतीवर आकडा रंगवणारा सैनिक मात्र जाहिरातीतला, तो खरा मानू नका. गल्लीवार नंबर नंतर आले. रस्त्यांची नावं ठरवायचं काम वालराफ नावाच्या विद्वान प्राध्यापकाला दिलं आणि फ्रेंच-जर्मन दोन्ही भाषांत पाट्या लागल्या.

आणि मेलाटेनची दफनभूमी. १८०४ च्या फर्मानाने वस्तीत, चर्चच्या आवारात पुरायला बंदी केली म्हणून शहराबाहेर नवी जागा घेतली, १८१० ला सुरू झाली. मी रविवारी तिथे फिरायला जाते. मोठी झाडं आहेत, खारी आहेत, शांत वाटतं.

रेवा_म
पैलतीरच्या बाळाच्या दाखल्यावरून आठवलं. मी नोंदणी कचेऱ्यांची जुनी दप्तरं वाचायला शिकलेय, नवऱ्याच्या घराण्याचा शोध घेताना. तो मोझेल नदीकाठच्या एका खेड्यातला. त्यांच्या घरचं १८०७ सालचं जन्माचं पान मी पाहिलंय. जाडसर कागद, छापील मजकुरात गाळलेल्या जागा, त्या बोरूने भरलेल्या, सगळं फ्रेंचमध्ये. बाप द्राक्षमळेवाला, त्याचं नाव योहान असताना कारकुनाने 'जाँ' केलंय. दोन साक्षीदार, एक शेजारी आणि एक शाळामास्तर. खाली सह्या. मास्तरची झोकदार, मेअरची वेलांटीवाली आणि बापाच्या नावापुढे फुली, लिहिता येत नव्हतं म्हणून.

कायद्याने तीन दिवसांच्या आत बाळ कचेरीत आणून अधिकाऱ्याला प्रत्यक्ष दाखवावं लागायचं. ते पान जानेवारीतलं आहे. डोळ्यांसमोर आलं अगदी, थंडीत गुंडाळलेलं तीन दिवसांचं पोर घेऊन बाप मेअरच्या गावापर्यंत चालत गेला असेल, कारण त्यांच्या खेड्याचा वेगळा मेअर नव्हताच, पाच-सहा खेडी मिळून एक मेअर.

आणि त्याआधीच्या पानांवर क्रांतीचं पंचांग आहे. १ मे १७९८ म्हणजे 'वर्ष सहावे, फ्लोरेआल १२'. १८०५ च्या शेवटापर्यंत तसंच. पहिल्यांदा वाचताना मी तक्ता शेजारी घेऊन बसायचे, आता तोंडपाठ झालंय.

अवधूत_कोब्लेन्झ
रेवाताई, ती 'पाच-सहा खेडी मिळून एक मेअर' ही ओळ फार महत्त्वाची आहे! खुद्द फ्रान्समध्ये प्रत्येक खेड्याला आपला मेअर. ऱ्हाइनकाठी मात्र तेवढी लिहिता-वाचता येणारी, फ्रेंच कळणारी माणसं कुठून आणणार, म्हणून खेड्यांची मोट बांधून एक कचेरी केली. १८१५ ला प्रशिया आला, त्याने बाकी पुष्कळ बदललं पण ही मोट तशीच ठेवली, नाव फक्त 'ब्युर्गरमाइस्टराय'. आणि आजचं र्‍हाइनलँड-फाल्झ बघा, खेड्याला मानद मेअर आणि खेड्यांच्या गटाला मिळून एक पगारी कचेरी, 'फेरबांड्सगेमाइंडे'. तुमच्या सासरच्यांचा पासपोर्ट आजही तशाच कचेरीत होत असणार.

रेवा_म
अगदी तिथेच होतो! १८०७ ला ज्या गावी बाप चालत गेला त्याच गावी.

फाटकी_छत्री
नवीन सदस्य, नमस्कार. मी कोन्स्टान्झला असते. १९४५ नंतरच्या फ्रेंच विभागातली दोन उदाहरणं सांगते, माइन्झपेक्षाही विचित्र. एक लिंडाऊ. ते बव्हेरियाचं, पण बव्हेरिया अमेरिकनांकडे आणि फ्रेंचांना ऑस्ट्रियातल्या आपल्या विभागाकडे जायला वाट हवी, म्हणून लिंडाऊ तेवढं फ्रेंचांकडे. मग दहा वर्षं तो एक तालुका जवळजवळ स्वतःचं राज्य असल्यासारखा चालला, त्याला स्वतःचा अध्यक्ष होता. १९५५ ला पुन्हा बव्हेरियात गेला.

दुसरं केल, श्ट्रासबुर्गच्या समोरचं. तिथल्या लोकांना नोव्हेंबर १९४४ मध्येच घरं सोडावी लागली आणि युद्धानंतर परत येऊच दिलं नाही, शहर श्ट्रासबुर्गला जोडलं, तिथे फ्रेंच कुटुंबं राहिली. १९४९ पासून एकेक भाग करत परत दिलं, शेवटचा भाग एप्रिल १९५३ मध्ये. साडेआठ वर्षं आपलं घर डोळ्यांना दिसतंय आणि आत दुसरं कुणीतरी राहतंय. जुनाजाणता सरांचा मुद्दा मला इथे फार पटतो. कागदावर 'प्रशासकीय फेररचना' लिहितात, घरात ती अशी उतरते.

जुनाजाणता
छत्रीताई, उत्तम लिहिलंत. नाव फाटकी पण माहिती भक्कम!

मंदार_क
मग आजचा जर्मन मेअर हा फ्रेंचांचा का? मला वाटायचं सगळीकडे सारखंच असेल.

अवधूत_कोब्लेन्झ
नाही ना, १९४५ नंतर प्रत्येकाने आपापल्या सवयीचं रुजवलं. इंग्रजांनी त्यांच्या विभागात मेअर मानद केला आणि कारभाराला वेगळा पगारी 'श्टाट-डिरेक्टर' बसवला. म्हणून कोलोनमध्ये नव्वदीच्या दशकापर्यंत अशी दोन डोकी होती. फ्रेंच विभागात मात्र मेअरच सभेचा अध्यक्ष आणि तोच कचेरीचा प्रमुख, हे जुनं ऱ्हाइनी वळण टिकलं. माणूस एक, टोप्या दोन. १८०० च्या मेअरचंच रूप, फरक एवढाच की १५ सप्टेंबर १९४६ ला फ्रेंच विभागात पालिकेच्या निवडणुका झाल्या आणि पुढे हा माणूस लोकांच्या मतातून येऊ लागला. जुनाजाणता सरांना हवं होतं ते दीडशे वर्षं उशिरा मिळालं.

सुमेधा_कोलोन
हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून घेतेय.

खारेदाणे
अवधूत, तुमच्या गावातला तो कारंजा सांगा की! मी गेल्या वर्षी पाहिला, विसरता येत नाही.

अवधूत_कोब्लेन्झ
कास्टोर चर्चसमोरचा. १८१२ ला प्रीफेक्ट दोआझाँने नेपोलियनच्या रशियावरच्या मोहिमेच्या सन्मानार्थ तो बांधला आणि तसा फ्रेंच लेख कोरला. मोहिमेचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. १ जानेवारी १८१४ ला रशियन सैन्यच कोब्लेन्झमध्ये आलं. त्यांच्या सेनापतीने तो लेख फोडला नाही, खाली एक ओळ कोरून घेतली: 'आम्ही, कोब्लेन्झ शहराच्या रशियन कमांडंटने, पाहिले व मंजूर केले.' अगदी सरकारी शेऱ्याच्या भाषेत, तीही फ्रेंचमध्येच. पोरांना घेऊन मी दर पाहुण्याला ते दाखवतो, दोन्ही मजकूर एकाखाली एक, हात लावून वाचता येतात.

मंदार_क
म्हणजे फाइलवर शेरा मारून पुढे पाठवली 😂 आपल्याकडच्या कुठल्याही साहेबाला कळेल हे.

पैलतीर
मंडळी, काल ऑफिसला जाताना पुलावर थांबून दोन्ही काठ बघितले. रोज जातो, कधी थांबलो नव्हतो. संध्याकाळी आजींना चहाला बोलावलं आणि तुमचं सगळं सांगितलं. त्यांचा जन्म १९३९ चा, कास्टेलचाच, म्हणजे दाखल्यावर 'माइन्झ'. धाकटा भाऊ १९४७ चा, त्याच घरात जन्मलेला, त्याच्या दाखल्यावर 'विस्बाडेन'. त्याच खोलीत, त्याच सुईणीच्या हातून. लहानपणी भांडण झालं की त्या भावाला "तू विस्बाडेनचा" म्हणायच्या आणि तो रडायचा. हे सांगताना हसत होत्या, मग डोळे पुसले. भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला.

बाळाचं त्यांना सांगितलं, हॉस्पिटल माइन्झचं घेतलंय म्हणून. म्हणाल्या, "चांगलं केलंत."

पत्ता मी माइन्झ-कास्टेल असाच लिहिणार आहे. आणि रेवाताई, दाखला मिळाला की त्यावरच्या सह्या इथे सांगतो.

रेवा_म
वाट बघतेय. तीन दिवसांत बाळ घेऊन चालत जायचं नाहीये आता, तेवढी थंडी जपा.